सात वाव

१

'वाव' हा शब्द हल्ली मोकळीक किंवा संधी एवढ्याच अर्थाने वापरला जातो. दर्यावर्दी माणसांच्या तोंडी मात्र तो स्त्रीलिंगी आहे आणि त्याचा अर्थ अगदी रोकडा आहे. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पूर्ण ताणले असता एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत जेवढे अंतर भरते, ती एक वाव. दोर, जाळे आणि पाण्याची खोली हिनेच मोजली जाई. या मापाला पट्टी नाही, शिक्का नाही. ते माणसाच्या अंगात असते. म्हणून 'किती वाव' याच्या आधी खरे तर 'कोणाची वाव' हे विचारायला हवे. पुढील हकीकतीतल्या माणसांनी ते चौथ्या दिवसापर्यंत विचारले नाही.

बोट लहान होती. एक डोलकाठी, एक शीड, वारा पडला तर कामी येणारे आणि एरवी कुरकुरणारे एक यंत्र, आणि पोटात मिठाची पोती. माणसे तीन. सुकाणूवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाशी, त्याची लेक. आणि यंत्र, शीड, चूल असे उरलेले सारे सांभाळणारा तिचा नवरा. तो सासऱ्याला मामा म्हणे. सासरा त्याला जावईबापू म्हणे, आणि त्या शब्दात आदर किती व टोमणा किती हे ठरवायचे काम त्याच्यावरच सोडून देई.

सहा दिवसांचा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा प्रवास. उजाडले की तळात झिरपलेले पाणी उपसायचे, चहा घ्यायचा, नांगर उचलायचा. निघताना, भर दुपारी आणि संध्याकाळी नांगर टाकण्याआधी पाण्याचा ठाव घ्यायचा. दोराच्या टोकाला मुठीएवढा शिशाचा गोळा होता आणि त्याच्या बुडाच्या खळग्यात मेण थापलेले होते. गोळा तळाला टेकला की तिथली वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा जे असेल ते मेणाला चिकटून वर येई. दोर ओढता ओढता लेक तो छातीसमोर वाव वाव ताणून मोजी आणि ओरडे, "पाच वाव! बारीक वाळू!" मागून तांडेल तेच शब्द परत उच्चारी, "पाच वाव, बारीक वाळू." ऐकले, याची ती पोच. असा परतीचा शब्द आल्याशिवाय दोर पुन्हा पाण्यात टाकायचा नाही, असा त्या बोटीवरचा दंडक होता.

दुसरा दंडक तांडेलाने लेकीला या फेरीच्या पहिल्याच दिवशी पुन्हा बजावला होता. "हातानं मोजलं तेवढंच बोलायचं. डोळ्यांना दिसलं ते गिळून टाकायचं. पाणी डोळ्यांना फसवतं."

हे तो पोटतिडकीने सांगे, कारण त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर वर्षभरापासून साय धरत चालली होती. नाळेवर उभी असलेली लेक त्याला आता माणसासारखी दिसत नसे. हात उघडले आणि मिटले की एक काळी रेघ लांब होते आणि आखूड होते, एवढेच त्याला दिसे. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. लेक आणि जावई यांना ते ठाऊक होते आणि त्यांनीही तो विषय कधी काढला नव्हता. सहाव्या दिवशी खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा ओलांडायचा होता. दांड्यातून एकच अरुंद, वाकडी वाट. तिच्यात भरतीला दोन वाव पाणी, दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या लाटा. तिथे तांडेल लेकीच्या शब्दावर बोट वळवणार होता. तिचा शब्द चुकला असता तर तिघेही वाळूवर आपटली असती.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट एका खडकाळ टोकाला वळसा घालत होती. तिथे चार वाव पाणी आणि शिंपल्यांचा चुरा, हे तांडेलाला स्वतःच्या वयासारखे पाठ होते.

लेकीने गोळा टाकला, दोर ओढला, मोजला. "सात वाव!"

परतीचा शब्द आला नाही. क्षणभराने तांडेल म्हणाला, "तळ काय?"

तिने गोळा उलटा केला. मेणाला काहीच चिकटले नव्हते. तिने सकाळी अंगठ्याने थापताना उमटलेल्या रेघाही त्यावर नव्हत्या. मेण गुळगुळीत होते, कोणी बोट फिरवून सारखे करावे तसे.

"काही नाही लागलं."

"पुन्हा टाक."

पुन्हा सात. पुन्हा कोरे मेण.

"इथं चार असतं."

"माझ्या हातांत सात आलं, बाबा."

"काल तिनं शिडाचं कापड पिळलं ना, मामा," जावई यंत्राजवळून म्हणाला, "हात आखडले असतील. हात आखडले की आकडा फुगणारच."

"तुमची जीभ कधी आखडते का बघा, जावईबापू," तांडेल म्हणाला. मग त्याने "सात वाव" असे परत उच्चारले. पण ते त्याने असे उच्चारले की जणू कोणी अनोळखी माणूस दारात उभा आहे आणि त्याला आत या म्हणणे भाग आहे.

संध्याकाळी एका लहानशा आडोशात शिरून ते थांबले. लेकीने ठाव घेतला. सात. जावयाने नांगर सोडला. नांगराचा दोर सरसर गेला आणि तीन वाव होताच सैल पडला. नांगर वाळूत रुतला होता.

तिने जावयाकडे पाहिले. तो नांगराच्या दोराकडे पाहत होता.

"गोळा एखाद्या खड्ड्यात गेला असेल," तो म्हणाला.

"चार वाव खोल खड्डा? आणि बरोब्बर माझ्या गोळ्याच्या मापाचा?"

"असतात," तो म्हणाला. असा खड्डा असतो की नाही हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हते.

३

भीतीआधी माणूस कारणे शोधतो, आणि लेक त्या बाबतीत कंजूस नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने एकामागून एक कारणे काढली. प्रवाह दोराला तिरपा ओढत असेल; मग नांगराचा दोर सरळ का जातो? मोजताना आपण तंद्रीत दुपटीने मोजत असू. मग आकडा बदलायला हवा, सातच का? तिने बोटीवरच्या प्रत्येक वस्तूची लांबी हातांनी मोजली. वल्हे पूर्वीइतकेच होते. शिडाची कड पूर्वीइतकीच होती. तिचे हात खोटे बोलत नव्हते. ते फक्त पाण्याबद्दल सात म्हणत होते. सकाळी सात, दुपारी सात. एका जागी पाणी इतके उथळ होते की बोटीखालचे हिरवे गवत हलताना दिसत होते. त्या गवतातून दोर सळसळत खाली गेला आणि जातच राहिला. गवत दोराभोवती मिटले. तिने मोजले. सात.

तिने त्या दिवसापासून वाकून पाण्यात पाहणे सोडले. तिला कोणी सांगितले नव्हते. दोर सोडायचा, मान वर ठेवायची आणि क्षितिजाकडे बघत मोजायचे.

संध्याकाळी जावयाने तोडगा काढला. तोडगे काढण्याची त्याला हौस होती आणि त्यातले काही चालतही असत.

"दोराला गाठीच मारून टाकू. तू हात पसर. एकेका वावेला एक गाठ. मग मोजण्याचा प्रश्नच नको, गाठी तेवढ्या मोजायच्या."

या बोटीवर दोराला कधी गाठ मारली नव्हती. गाठ माप सांगते पण हात विसरवते, असे तांडेलाचे म्हणणे. पण तो सुकाणूजवळ डोळे मिटून बसला होता, आणि ती दोघे त्याच्या पाठीमागे शिंपी व गिऱ्हाईक यांच्यासारखी उभी राहिली. ती हात पसरी, तो गाठ आवळी.

"सरळ उभी राहा. कुबड काढलंस तर एका वावेत दोन माशांची फसवणूक होईल."

"माशांना नाही फसवत आपण. आपल्यालाच फसवतोय कोणीतरी."

"कोण?"

तिने हात पुन्हा पसरले. त्याने दहावी गाठ आवळली आणि दोराचे वेटोळे नीट रचून ठेवले.

४

चौथ्या दिवशी सकाळी तिने गाठी मारलेला दोर पाण्यात सोडला. ओढून घेताना सवयीने हातांनीही मोजला. हातांना सात आले. गाठींना सहा.

तिने दोर फळ्यांवर अंथरला. गोळ्यापासूनच्या सहा गाठी पाण्यात जाऊन आल्या होत्या. तिने पहिल्या दोहोंमध्ये हात ताणले. बोटांची टोके गाठीपर्यंत पोहोचली नाहीत. वीतभर कमी पडली. दुसऱ्या दोहोंमध्ये वीतभर. तिसऱ्या, चौथ्या, सगळ्यांत तेवढेच. कोरड्या राहिलेल्या चार गाठी मात्र तिच्या हाताबरहुकूम होत्या.

"ओला दोर ताणतो," जावई म्हणाला.

"वीतभर ताणतो? आणि सगळीकडे सारखा?"

तो गुडघ्यांवर बसला आणि एक ओली गाठ त्याने डोळ्यांजवळ धरली. बराच वेळ धरली. मग कोरडी गाठ तिच्याशेजारी धरली. तो नेहमी थट्टेच्या सुरात बोले. आता बोलला तेव्हा आवाजात तो सूर नव्हता.

"मी उजव्या हातानं मारतो गाठ. या सहाही डावखुऱ्या आहेत."

"सोडून पुन्हा मारल्यात."

"मारल्यात म्हणजे... कधी? दोर पाण्यात किती वेळ होता?"

"एक हाक आणि तिची पोच, एवढाच."

बोटीच्या पोटावर पाणी चापट मारीत होते. ऊन स्वच्छ होते. किनाऱ्यावर कोणीतरी कपडे वाळत घालत होते आणि ते कपडे इथूनही मोजता आले असते.

"ही माझी वाव नाही," ती म्हणाली. "माझ्याहून लांब हात असलेल्या कोणाची तरी आहे."

जावयाने चाकू काढून सगळ्या गाठी कापल्या. उरलेल्या आखूड दोराला नवा दोर जोडला. कापलेले तुकडे पाण्यात टाकण्यासाठी त्याने हात उचलला आणि मग तसाच खाली घेतला. चुलीत घातले.

५

पाचव्या दिवशी दुपारी तिने गोळा सोडला आणि तो टेकल्याचे तिच्या तळहाताला कळले. ती ओढायला लागणार एवढ्यात दोर ताणला गेला.

खाली ओढला गेला नाही. वरही आला नाही. फक्त ताणला गेला, आणि सैल पडला. पुन्हा ताणला गेला, पुन्हा सैल पडला. दोर छातीसमोर ताणताना पलीकडच्या टोकाला जे जाणवत असेल तेच. ती स्वतः वर्षानुवर्षे हेच करत आली होती. त्याची लय तिच्या खांद्यांत मुरली होती. घाई नाही, झटका नाही. सवयीच्या माणसाचे काम.

सहा वेळा. मग दोर मोकळा झाला.

तिने आकडा पुकारला नाही. ती मागे गेली आणि तांडेलाच्या पायाशी बसली.

"बाबा, खालूनही कोणीतरी मोजतंय."

त्याने विचारले नाही की तू बरी आहेस ना. बापाच्या त्या न विचारण्याने ती अधिकच घाबरली.

"किती म्हणतंय?"

"सहा."

"आणि तू सात."

"हो. उद्या दांड्यावर जायला नको. दुसरीकडे कुठं आत शिरू."

"दुसरीकडे म्हणजे अजून दीड दिवस. लाटांची ही उसळ पाहतेस ना? मी नुसती पायांनी ओळखतोय. उद्या रात्रीपर्यंत बाहेर राहिलो तर वादळ गाठेल; बुडायला दांड्याची गरज उरणार नाही." तो थोडा थांबला. "आणि मला पुढचं दिसत नाही, हे तुला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"केव्हापासून?"

"तुम्ही चहात साखरेऐवजी मीठ घातलंत तेव्हापासून."

"मी? आणि तुम्ही दोघं तो प्यायलात?"

"ह्यांनी तर दुसरा कपही मागून घेतला."

तांडेल हसला. खूप दिवसांनी हसला. मग सुकाणूवरचा हात तसाच ठेवून दुसरा त्याने तिच्या डोक्यावर ठेवला. "मग उद्या तू सांगशील तिकडे वळवीन. मला दुसरा उपाय नाही, बाई. तुझे हात आहेत तोवर मला डोळे आहेत."

६

सहाव्या दिवशी भरती पूर्ण होण्याच्या सुमारास ते दांड्याशी आले. वारा मागून होता, पण शिडावर विसंबण्यात अर्थ नव्हता. जावई खाली यंत्राशी बसला. त्याने ते सोडले असते तर ते बंद पडले असते. वर दोघेच. डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडे लाटा फुटत होत्या, आणि दोहोंच्या मध्ये एक गडद, वाकडा पट्टा होता. पण तो फक्त तिला दिसत होता.

तिने गोळा टाकला. दोन वाव पाण्यावर दोर सैल पडायला हवा होता. तो जात राहिला. सात.

तिने तोंड उघडले आणि मिटले. सात ऐकले तर बाबा बोट अजून खोल पाण्यात बाहेरच आहे असे धरून चालणार; सुकाणू सरळ ठेवणार; आणि पुढचे वळण चुकले की संपले.

"किती?" मागून हाक आली.

तिने पुन्हा टाकला. सात. दोर हातात ताणला गेला, सैल पडला. ताणला गेला.

"अगं, किती?"

तिने दोर सोडून दिला. आख्खा दोर, वेटोळ्यासकट, नाळेवरून सरकत गेला आणि शेवटचे टोकही पाण्यात गेले. मग ती रिकाम्या हातांनी उभी राहिली. बाबांना फक्त हात उघडताना आणि मिटताना दिसतात, हे तिला आठवत होते. तिने हात पूर्ण पसरले, मिटले, पसरले आणि जन्मात पहिल्यांदा न मोजलेला आकडा पुकारला.

"दोन वाव! वाळू!"

"दोन वाव, वाळू," बाप म्हणाला.

"दोन! डावीकडे घ्या! दोन वाव!"

"दोन वाव."

बोट वळली. डोळ्यांनी मोजायचे तर खाली पाहायला हवे; पाण्याचा रंग कुठे फिकट होतो, कुठे गडद, हे वाकूनच कळते. तीन दिवस तिने जे टाळले होते ते आता करणे भाग होते. ती नाळेच्या काठावर ओणवी झाली.

दोन वाव पाण्याखाली वाळू असते. तिथे वाळू नव्हती. पाणी खाली खाली गेले होते, आणि त्यात बोटीच्या बरोबरीने, बोटीच्याच गतीने, हात पसरलेले कोणीतरी होते.

आपले प्रतिबिंब, असे तिच्या मनाने ताबडतोब सांगितले. तिने हात मिटले. ते हात पसरलेलेच राहिले. ते तिच्या हातांहून वीतभर लांब होते. छातीसमोर ताणलेला दोर तिचाच होता.

आणि ते जे कोणी होते, ते पाठमोरे होते. तिच्याकडे ते पाहतच नव्हते. त्याची मान खाली, आणखी खोल पाण्याकडे वळलेली होती, आणि हाक मारताना माणसाची पाठ हलते तशी ती पाठ हलत होती. आकडा पुकारून झाला. मग ते तसेच थांबले. वाट पाहत. परतीच्या शब्दाची वाट पाहत.

"किती?" बाप ओरडला.

"दोन वाव!" ती रडत म्हणाली. "उजवीकडे, बाबा! दोन वाव, वाळू!"

"दोन वाव, वाळू."

बोटीचे बूड एकदाच घासले. मग लाटांचा आवाज मागे पडला.

७

खाडीच्या निवांत पाण्यात नांगर रुतला तेव्हा जावई खालून वर आला. तेलाने माखलेले हात त्याने पुसले नव्हते.

"वर तुम्ही दोघंच होता ना?"

"आणखी कोण असणार?" तांडेल म्हणाला.

"मला चार आवाज ऐकू आले. दोन तुमचे. ही दोन म्हणे, तुम्ही दोन म्हणत होता." त्याने पायांखालच्या फळ्यांकडे पाहिले. "बाकीचे दोन आवाज फळ्यांच्या खालून. एक जण सहा म्हणे. आणि खूप खालून, खूप जड आवाजात, दुसरं कोणीतरी तेच परत म्हणे. सहा."

तांडेलाने लेकीकडे वळून विचारले, "दांड्यावरच्या त्या दोन वाव तू मोजल्या नव्हत्यास ना?"

"नाही."

"दोराचा थेंबही गळताना ऐकू आला नाही मला."

"मग वळवलीत कशी?"

"तू घाबरली होतीस, तरी डावंउजवं जपून सांगत होतीस. मरायला निघालेलं माणूस एवढ्या काळजीनं खोटं बोलत नाही." त्याने सुकाणूवरचा हात काढला. नंतर त्या हाताने तो सुकाणूला कधी शिवला नाही. लेकीनेही पुन्हा कधी ठाव घेतला नाही.

ही हकीकत नंतर बंदराबंदरांतून फिरली, आणि फिरताना तिला अनेक हात लागले. सांगणारे सांगतात की ते एका बुडालेल्या खलाशाचे भूत होते. की त्याने दोर धरून बोट तळाशी ओढली. की त्याला तांडेलाची लेक हवी होती आणि तिने दोर सोडून दिल्यामुळे ती वाचली. यातले एकही खरे नाही. त्याने काहीही ओढले नाही. त्याने एकदाही मान वर करून तिच्याकडे पाहिले नाही. ते त्याचे काम करत होते, आणि ते चोख करत होते. नाळेवर उभे राहून मोजणारा कोणालाही न्यायला येत नाही. तो मागून येणाऱ्यांना सांगतो की पुढे पाणी पुरेसे आहे.

तो फक्त आधी येतो.